ताई, मला अजून थोडं दिसतं

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. आमचं गाव ऊसपट्ट्यातलं, कॉलेज तालुक्याला. लहानपणापासून मला अंधारात दिसत नाही. लाइट गेली की मी होतो तिथंच उभा राहायचो. घरातले म्हणायचे, पोरगं भित्रं आहे. नववीपर्यंत मी गावच्या टीमचा कीपर होतो. मग बॉल ग्लोव्हजमध्ये यायच्या आधी मधेच गायब व्हायला लागला. पोरं हसायला लागली तसं मी खेळायचं सोडून दिलं. दिवाळीनंतर तिन्हीसांजेला सायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीला धडकलो, कपाळाला टाके पडले. तेव्हा कुठं बाबांनी डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं, आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा पडद्याचा आजार आहे, फील्ड म्हणजे नजरेचा घेर १५ अंश राहिलाय, औषध नाही.

डॉक्टरांनी विचारलं, नात्यात लग्न आहे का? आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्या दिवसापासून आई माझ्याशी नीट बोलत नाही, नुसती रडते. गुरुवारचे, शनिवारचे सगळे उपास धरलेत. आजी म्हणते बाहेरचं आहे, कारण मी एकदा तिला सांगितलं की डोळे मिटले तरी मला कडेला चमचम दिसते. एक जण म्हणाला, शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, साडेतीन लाख लागतात. बाबा म्हशी विकायला निघालेत.

कॉलेजात मी कुणालाच सांगितलेलं नाही. फळ्यावरचं दिसतं, पण जिन्यात पोरींना धक्का लागतो. मागच्या महिन्यात एकीनं सरांकडं तक्रार केली. मी सॉरी म्हणालो, कारण नाही सांगितलं. पोरं म्हणतात, मोबाइल दिसतो आणि माणूस दिसत नाही होय रे? मला स्वतःलाच कधी कधी वाटतं की मी नाटक करतोय. मी पूर्ण आंधळा होणार का? कधी? सायन्स सोडू का? पुण्याचा मामा सोडला तर माझ्याशी कुणी धड बोलत नाही. कधी कधी वाटतं, नकोच हे सगळं. तुम्हालाही हाच आजार आहे असं तुम्ही मागं लिहिलं होतं, म्हणून लिहितोय.

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटाकडचं एक वाक्य मी सगळ्यात आधी घेते. 'नकोच हे सगळं.' हे तू मला लिहिलंस, आता ते मामाला तोंडाने सांग. आजच फोन कर आणि याच शब्दांत सांग. रात्री-अपरात्री मनात आलं आणि कुणाला उठवावंसं वाटलं नाही, तर १४४१६ या नंबरवर फोन लाव. ती टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. 'डोळे जाताहेत आणि जगावंसं वाटत नाही' एवढं म्हणालास तरी पुढचं ते विचारतील. हा आजार कळल्यानंतरच्या काळात असे विचार मलाही आले होते. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांना येतात. ते ओसरतात, हे मी अनुभवाने सांगते. पण ओसरेपर्यंत त्यांच्याबरोबर एकट्याने बसून राहायचं नाही.

आता आजाराबद्दल. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एका प्रकारच्या अंधुक उजेडात आणि कडेचं बघायला लागतात, दुसऱ्या प्रकारच्या भर उजेडात, रंग आणि बारीक अक्षर बघायला. आरपीत सहसा पहिल्या प्रकारच्या पेशी आधी मरतात. म्हणून लाइट गेली की तू जागीच उभा राहायचास. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नव्हता, हे घरातल्यांना आता स्पष्ट सांगायला हरकत नाही. दोन्ही डोळे मिळून माणसाला आडवं साधारण १८० अंश दिसतं. तुझे १५ राहिलेत. बांगडी वीतभर लांब धरून तिच्यातून बघावं तेवढंच. बांगडीत फळ्यावरची ओळ मावते, मोबाइल मावतो. जिन्यात डावीकडून वर येणारी मुलगी मावत नाही. बॉल बांगडीबाहेर गेला की तो तुझ्यासाठी नाहीसाच होतो. तेव्हा मोबाइल दिसणं आणि माणूस न दिसणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तू नाटक करत नाहीस.

पूर्ण आंधळा होणार का, कधी, हे कुठलाच डॉक्टर तारीख देऊन सांगू शकत नाही. आरपीला कारणीभूत ठरणारी जनुकं डझनावारी आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. बहुतेकांची नजर वर्षानुवर्षं हळूहळू आकसत जाते. मधली नजर पुष्कळांना बराच काळ साथ देते, आणि उजेडसुद्धा कळू नये इतका मिट्ट काळोख फार थोड्यांच्या वाट्याला येतो. माझी सुरुवात चौदाव्या वर्षी झाली, कराडला. छापील पुस्तक मी पंचविशीपर्यंत वाचत होते. आज सत्तेचाळीस आहे. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते उजेडावरून कळतं, समोरचा चेहरा दिसत नाही. तुझंही असंच होईल असं मी म्हणत नाही, याहून बरं होईल किंवा लवकर होईल. नजर कमी होत जाणार हे धरून चाल. उद्या सकाळी जाणार हे मात्र धरू नकोस.

ती चमचमसुद्धा आजाराचाच भाग आहे. पडद्याच्या पेशी मरत असताना मेंदूकडे भलतेसलते संदेश जातात आणि कडेला ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं. आरपी असलेल्यांत हे सर्रास आढळतं. नजर खूप कमी झालेल्या काहींना तर नक्षी, चेहरे, माणसंही दिसतात, डोकं अगदी ठिकाणावर असताना. चार्ल्स बॉने या स्विस माणसाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं, त्यांना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं. तुझ्या आजीला हे सांग. एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कारण ते वेगळं दुखणं असू शकतं. आणि औषध नाही म्हणून दवाखाना सोडायचा नाही. आरपी असलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, पडद्याच्या मधोमध सूज येते, आणि या दोन्हींवर उपचार आहेत. वर्षातून एकदा तपासणी हवीच.

आता म्हशींबद्दल, आणि हे बाबांना वाचून दाखव. आरपीसाठी पैसे घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देणं आपल्या देशात मान्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलं आहे : रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधनात करायचा, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. कुणी साडेतीन लाख मागतो, यातच काय ते आलं. असल्या इंजेक्शनांनी उरलीसुरली नजर गेल्याची उदाहरणं जगात नोंदलेली आहेत. म्हशी गोठ्यातच राहू द्या. खरा शोध एक लागला आहे. आरपीई६५ नावाच्या एका जनुकातल्या दोषावर जनुकोपचार निघाला, त्याला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पण तो फक्त त्याच जनुकाच्या रुग्णांना चालतो, पडद्यात जिवंत पेशी पुरेशा उरल्या असतील तर, आणि त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या कल्पनेपलीकडची आहे. परवडत असेल तेव्हा जनुकांची तपासणी करून घ्या, म्हणजे पुढे तुझ्या जनुकावर काही निघालं तर तुला कळेल. त्या आशेवर आजचा अभ्यास मात्र थांबवायचा नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते तुझ्या लपवण्याबद्दल. तू लिहिलंस, 'सॉरी म्हणालो, कारण नाही सांगितलं.' अर्धवट दिसण्याच्या या काळात आपल्यासारख्यांची निम्मी ताकद दिसत असल्याचं दाखवण्यात जाते. वर्गात कुठल्या बाकाला पाय लागतो ते पाठ करायचं, कुणी हात पुढे केला तो दिसला नाही की खोकल्याचं निमित्त करायचं, संध्याकाळच्या कार्यक्रमांना पोट दुखतंय म्हणायचं. पूर्ण दिसत नसलेल्या माणसाला लोक एकदा समजून घेतात आणि पुढे जातात. आपल्याला मात्र रोज नव्याने पुरावा मागतात, आणि तो देऊन देऊन आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो. तू नेमका तिथे उभा आहेस. बाहेर यायचा रस्ता एकच मला माहीत आहे : सांगून टाकायचं. मोठं भाषण नको. 'मला समोरचं दिसतं, कडेचं आणि अंधारातलं दिसत नाही. डोळ्यांचा आजार आहे. धक्का लागला तर मुद्दाम नसतो, आवाज दे.' आधी वर्गशिक्षकांना सांग, फील्ड टेस्टचा रिपोर्ट दाखव. मग ज्या मुलीने तक्रार केली तिला, शिक्षकांच्या समोर. तिला जे वाटलं त्यात तिचं काही चुकलं नाही, आणि तुझ्याही मनात काही नव्हतं. हे दोघांनाही कळणं गरजेचं आहे, नाहीतर उद्या ही गोष्ट वेगळ्याच वळणाला जाईल.

पांढरी काठी आत्ताच घे. 'मला अजून दिसतं, मग काठी कशाला' हा प्रश्न तू विचारणारच, सगळे विचारतात. सुरुवात फक्त तिन्हीसांजेनंतर कर. घडीची काठी मिळते, सॅकमध्ये मावते. उंची साधारण छातीच्या हाडापर्यंत हवी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकवायचं, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जमीन काठीने आधीच तपासलेली असते. पण हे वाचून येत नाही, शिकवणाऱ्याबरोबर रस्त्यावर चालूनच येतं. मुंबईत वरळीला नॅब आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, ही संस्था १९५२ पासून काम करते. तिथे विचारलं तर तुझ्या भागात कोण शिकवतं ते कळेल. त्या काठीचा आणखी एक उपयोग म्हणजे ती समोरच्याला सगळं न बोलता सांगते. जिन्यात मुली आपणहून बाजूला होतील. पहिल्यांदा गावातून काठी घेऊन जाशील तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबतील. ते फार जड जाईल. मला गेलं होतं. मामाला त्या दिवशी गावी बोलावून घे आणि त्याच्याबरोबर चाल. सायकल मात्र आता नको, दिवसासुद्धा नको, आणि मोटरसायकलचा विचारही नको. हे सोळाव्या वर्षी किती लागतं ते मला माहीत आहे, पण यात मी काहीच सूट देणार नाही.

फोनचं तसंच. तुझं पत्र मला कुणी वाचून दाखवलेलं नाही, माझ्या फोननेच वाचलं. तुझ्या अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक आहेच. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकदम दाबून धरली की ते सुरू करण्याबद्दल विचारतं. मग एका बोटाने चाचपायचं आणि दोनदा टकटक केलं की उघडतं. सुरुवातीला वैताग येईल, आवाजाचा वेग कमी ठेव. कॉम्प्युटरवर तेच काम करणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर घाल. ते फुकट आहे आणि ते लिहिणारे ऑस्ट्रेलियातले दोघंही स्वतः अंध. डोळे थोडी मदत करताहेत तोवर हे शिकायला सोपं जातं. ब्रेललाही आत्ताच हात घाल. सहा टिंबांचा खेळ आहे, मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. वर्षभर रोज थोडं बोटाखालून गेलं तर वाचता येतं. वेगाने वाचायला फोन बरा, पण गणिताची ओळ पुन्हा पुन्हा तपासायची असेल तर ती बोटाखाली असलेली बरी. लुई ब्रेलने ही लिपी १८२४ साली बसवली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, तुझ्याहून वर्षाने लहान.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं काम लगेच हाती घे, कारण त्यात एक खाच आहे. सिव्हिलमध्ये तुला आधी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवतील. तू बऱ्याच ओळी वाचशील, आणि समोरचा म्हणेल, तुला तर दिसतंय, दाखला कसला? तिथून गप्प परत यायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अक्षरांबरोबरच नजरेच्या क्षेत्राचंही माप दिलं आहे : ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत म्हणजे अल्पदृष्टी, १० पेक्षा कमी म्हणजे अंधत्व. तुझे १५ आहेत. फील्ड टेस्टचा कागद पुढे ठेव, नम्रपणे पण ठामपणे. 'साहेब, माझं फील्ड बघा.' दाखल्यावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाची नोंद झाली की पुढची दारं उघडतात. लेखनिक मिळतो, परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात, सरकारी नोकरीत अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी १ टक्का. हे हक्काचं आहे, मागायला संकोच नको.

सायन्स सोडायचं का? घाबरून सोडू नकोस. गणित आणि कॉम्प्युटर आवडत असतील तर त्यात आपली माणसं उत्तम कामं करताहेत. प्रयोगशाळेची कामं कशी करायची ते शिक्षकांशी बसून ठरव. आणि सायन्स फक्त बाबांना हवं म्हणून घेतलं असेल तर बदलायलाही हरकत नाही, पण कारण डोळे हे नको. मी इतिहास शिकवते, कारण मला इतिहास आवडत होता. एक मात्र होणार : नातेवाईक तुला प्रांजल पाटीलचं उदाहरण देतील. तिने खरोखर मोठं काम केलंय. सहाव्या वर्षी नजर गेलेली उल्हासनगरची मुलगी, २०१७ मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात १२४ वी आली आणि आयएएस झाली. तिचा अभिमान वाटू दे. पण तू कलेक्टर झालास तरच तुझ्या अंधत्वाची भरपाई होईल, असं ओझं कुणी तुझ्यावर घातलं तर ते घेऊ नकोस. माझ्या ओळखीची दृष्टिबाधित माणसं बँकेत आहेत, शाळांत आहेत, एक जण पिठाची गिरणी चालवतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन पोरांवर ओरडतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीशाच्या नोकरीसाठी अपात्र ठरवता येणार नाही. तुझ्यासारख्यासाठी मला हे जास्त मोलाचं वाटतं. एकेकीच्या कर्तबगारीपेक्षा दार सगळ्यांसाठी उघडं असणं बरं.

आणि क्रिकेट. तू किती सहज लिहिलंस, 'सोडून दिलं.' अंधांचं क्रिकेट पाहिलंयस का कधी? ऐकलंयस का म्हणायला हवं. कडक प्लॅस्टिकचा बॉल, आत छर्रे, घरंगळताना खुळखुळतो. बॉलर खांद्याखालून टाकतो, आधी 'रेडी?' विचारतो, बॅट्समनचं 'येस' आलं की 'प्ले' म्हणून सोडतो. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध हवेत, त्यांच्या धावा दुप्पट धरतात. बाकीचे थोडं थोडं दिसणारे, त्यांचेही दोन वर्ग. तुझ्या वर्गाचं माप तपासणारे ठरवतील, पण तुझ्यासारख्यांना तिथे जागा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत आपल्या मुलींनी अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. कीपरचे हात तुझ्याकडे आहेत. बॉलचा आवाज धरायला कान तयार करावे लागतील.

उरलं ते तुझ्या आईसाठी आहे, तिला मोठ्याने वाचून दाखव.

वहिनी, मुलाचे डोळे तुमच्यामुळे गेले असं तुम्ही मनात धरून बसलाय. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न दोष ठरवण्यासाठी नव्हता, कारण शोधण्यासाठी होता. अशा आजारात बहुतेकदा बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि एक बाबांकडून. एकच प्रत असलेल्याला काही होत नाही, त्याला ती आपल्यात आहे हे कळतही नाही. तुमच्या दोघांच्या घराण्यात ती कितीतरी पिढ्या चालत आली असेल. नात्यात लग्न झालं की दोन्हीकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, एवढंच. आणि नात्यात लग्न नसलेल्या घरांतही आरपी होतोच, माझ्या आईवडिलांचं काडीचं नातं नव्हतं. उपास करून तुमच्या जिवाला समाधान मिळत असेल तर करा. पण तुमचा मुलगा घरात तुमच्या आवाजाची वाट बघतोय. त्याच्याशी आधीसारखं बोला, रागवायचं तिथे रागवा, पाणी आणायला सांगा. दारातली घमेली, बादल्या रोज एकाच जागी ठेवा, दार उघडं तर पूर्ण उघडं, नाहीतर बंद, अर्धवट नको. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी मारून घ्या.

त्याला भावंडं असतील तर त्यांचीही पडद्याची तपासणी करून घ्या, कारण आजार असा दोन्हीकडून आला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणीला जाल तेव्हा त्याच्या बाबांना बरोबर न्या. डॉक्टर जे सांगतील ते दोघांनी शेजारी बसून ऐका.